पिनकोड देणारे श्रीराम वेलणकर आणि ऑर्डरच्या ईमेलमधून गायब होणारा पत्ता

मोबाइलवरून काहीही मागवा, चार्जर असो की चप्पल, पत्ता भरताना एक चौकट येतेच येते. तिथे आपण नागपूरकर डोळे मिटून ४४० टाकतो आणि पुढचे तीन आकडे आपापल्या भागाप्रमाणे. बऱ्याच ॲपमध्ये हे सहा आकडे टाकले की शहर आणि राज्य आपोआप भरलं जातं. इतकी सवय झालीये की हे आकडे कोणीतरी बसून ठरवले असतील, हे डोक्यातच येत नाही. तर ते ठरवले एका मराठी माणसानं. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी.

आता तुम्ही म्हणाल, टेक्नॉलॉजीच्या साइटवर पोस्टातल्या साहेबांचं चरित्र कशाला? कारण आहे. घरून छोटं ऑनलाइन दुकान चालवणारे आपले बरेच वाचक एकाच प्रश्नानं हैराण असतात: ऑर्डर आल्याचा ईमेल येतो, पण त्यात गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन यातलं काहीतरी नसतं. माहिती अर्धवट आली तरी वस्तू बरोबर माणसाच्या हातात कशी द्यायची, हा प्रश्न वेलणकरांसमोर देशाच्या आकाराचा होता. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगतो आणि मध्येच दुकानाच्या ईमेलचं दुखणंही बघून घेऊ.

वेलणकरांचा जन्म १९१५ चा. म्हणजे पत्र हेच दूरच्या माणसाशी बोलायचं मुख्य साधन होतं, तो काळ. त्यांनी नोकरी केली पोस्टात आणि जीव लावला संस्कृतला. सरकारी नोकरीत चढत चढत ते केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव झाले आणि पोस्ट अँड टेलिग्राफ बोर्डाचे ज्येष्ठ सदस्यही. पोस्ट, तार आणि टेलिफोन हे सगळं तेव्हा एकाच छताखाली होतं. आजच्या भाषेत बोलायचं तर देशाचं इंटरनेट आणि कुरिअर दोन्ही त्याच खात्याकडे!

रामनगर, पण कोणतं?

त्या काळची अडचण समजायला लांब जायची गरज नाही, विदर्भातच पुरेसा मसाला आहे. नागपुरात रामनगर आहे. वर्ध्यात रामनगर आहे. गोंदियात आहे आणि चंद्रपुरातही आहे. पाकिटावर कोणी घाईत नुसतं नाव आणि रामनगर लिहिलं, गावाच्या नावावर पावसाचं पाणी पडून शाई पसरली, तर पोस्टमननं काय करायचं? हे झालं चार जिल्ह्यांपुरतं. देशभर बघा: औरंगाबाद महाराष्ट्रात होतं आणि बिहारमध्येही आहे, बिलासपूर छत्तीसगडमध्ये आणि हिमाचलमध्येही. पिंपळगाव आणि वडगाव तर मोजायलाच नको.

त्यात भाषेची गंमत. पत्ता मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत, उर्दूत, ज्याला जसा येईल तसा लिहिलेला. इंग्रजीत लिहिला तरी स्पेलिंग ज्याचं त्याचं. हे सगळं वाचून पत्रं वेगळी करायची कोणी? तर हे काम रेल्वे मेल सर्व्हिसचे कर्मचारी करायचे. धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून, समोरच्या लाकडी खणांमध्ये एकेक पत्र टाकायचं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरातून जातात, त्यामुळे आपल्या स्टेशनावर चारी दिशांची टपाल उतरायची आणि चढायची. कोणतं गाव कोणत्या लाइनवर, कोणत्या स्टेशनात उतरवायचं, हे त्या लोकांना तोंडपाठ असावं लागे. म्हणजे देशाचा डेटाबेस माणसांच्या डोक्यात होता. माणूस बदलीवर गेला की डेटाबेसही गेला.

असे कोड बाहेरच्या देशांत आधीच सुरू झाले होते. जर्मनीत १९४१ मध्ये दोन आकडी आकडे आले, ब्रिटनमध्ये १९५९ साली नॉरिच शहरात प्रयोग सुरू झाला, अमेरिकेनं १९६३ मध्ये पाच आकडी झिपकोड आणला. पण तिथे आपल्याइतक्या लिप्या एका पाकिटावर भांडत नव्हत्या. वेलणकरांना असं काही हवं होतं जे कोणत्याही भाषेच्या कर्मचाऱ्याला वाचता येईल. आकडे हाच त्यावरचा उपाय होता.

१५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, पोस्टल इंडेक्स नंबर म्हणजेच पिन सुरू झाला. त्यामुळे पिनकोड म्हणताना आपण खरं तर नंबरच्या पुढे पुन्हा कोड लावतो, पण आता ते रूढ झालंय, जाऊ द्या.

रचना किती साधी आहे बघा. देशाचे भौगोलिक विभाग केले आठ, आणि नववा सैन्याच्या टपालासाठी. पहिला आकडा हा विभाग. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसरा आकडा त्यातला उपविभाग, म्हणून ४४ दिसलं की विदर्भ. तिसरा आकडा टपाल जिथे वेगळी केली जाते तो जिल्हा: ४४० नागपूर शहर, ४४१ मध्ये कामठी, रामटेक, भंडारा, गोंदिया, ४४२ मध्ये वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, ४४३ बुलढाणा, ४४४ अकोला-अमरावतीकडे, ४४५ यवतमाळ. उरलेले तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. सिव्हिल लाइन्समधलं आपलं मोठं पोस्ट ऑफिस ४४०००१, शंकरनगर ४४००१०.

आता रामनगरकडे परत या. गोंदियाचं ४४१ नं वेगळं झालं, नागपूरचं ४४० नं. वर्धा आणि चंद्रपूर दोन्ही ४४२, तिथे पुढचे आकडे मदतीला येतात: वर्धा शहराचा ४४२००१, चंद्रपूरचा ४४२४०१. ज्याला पत्त्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही, तोही हे पाकीट बरोबर पिशवीत टाकू शकतो. आणि कोलकात्यात बसलेल्या माणसाला ही गावं कुठे आहेत हे माहीत असायचीही गरज नाही. त्यानं फक्त ४ बघायचा आणि पाकीट पश्चिमेकडे पाठवायचं. बाकीचे आकडे पुढचा माणूस बघेल. आपल्या फोनमधला डेटा राउटरवरून राउटरकडे जातो तेव्हा साधारण हेच होतं, प्रत्येक टप्प्याला पुढच्या टप्प्यापुरतीच माहिती लागते.

एक गोष्ट मला फार आवडते. नागपूरपासून जवळ रामटेक आहे, आणि कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. त्या काव्यातला यक्ष ढगाला पत्ता कसा देतो? कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला घर, इंद्रधनुष्यासारखी कमान, बायकोनं मुलासारखं वाढवलेलं मंदाराचं रोप, पाचूच्या पायऱ्यांची विहीर, दारावर शंख आणि कमळ काढलेलं. थोडक्यात, मारुतीच्या देवळामागे, निळं गेट, समोर लिंबाचं झाड. आपण आजही चेकआउटमध्ये असाच पत्ता लिहितो! वेलणकर संस्कृतात मुरलेले, त्यांना हा पत्ता माहीत नसणं शक्यच नाही. ढगाला चालला तो, पोस्टाला चालला नसता.

आता दुकानाचा ईमेल

माझी मामेबहीण घरून संत्रा बर्फी आणि सावजी मसाला विकते. वर्डप्रेसवर वूकॉमर्स टाकून बनवलेली साधी साइट आहे. मध्यंतरी तिला ऑर्डरचे ईमेल यायचे, त्यात काय विकलं गेलं आणि किती पैसे आले हे व्यवस्थित, पण खाली गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता असायचा तो भागच नाही. ती ईमेल बघून पार्सलवर पत्ता लिहायची, त्यामुळे काम अडलं. मसाला थांबला तरी चालतो, बर्फी थांबत नाही. आणि पैसे आधीच घेतलेले, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नजरेत आपण चोर. तिनं मला बोलावलं तेव्हा तीन डबे तसेच पडून होते.

अशा वेळी सगळ्यात पहिले काय करायचं? ईमेल सोडायचा आणि साइटच्या ॲडमिनमध्ये जाऊन ती ऑर्डर उघडायची. ईमेल ही फक्त प्रत असते, खरी नोंद डेटाबेसमध्ये असते. तिथे नाव-पत्ता दिसला तर निम्मं टेन्शन गेलं, कारण माहिती हरवलेली नाही, फक्त ईमेलवर छापली जात नाहीये. तिथेही नसेल तर प्रश्न चेकआउटच्या फॉर्मचा आहे, ईमेलला शिव्या देऊन काही होणार नाही. ताईच्या बाबतीत सगळे पत्ते ऑर्डरमध्ये सुखरूप होते. डबे त्याच संध्याकाळी गेले, दुरुस्ती नंतर.

दुरुस्ती शोधायची कुठे? वूकॉमर्सचा ईमेल तुकड्यातुकड्यांनी बनतो. एक तुकडा वस्तूंची यादी छापतो, एक जास्तीची माहिती, आणि शेवटचा गिऱ्हाइकाचा तपशील. प्रत्येक तुकड्यासाठी टेम्प्लेटमध्ये एक ओळ असते. बऱ्याच विकतच्या थीम ईमेल सुंदर दिसावा म्हणून या टेम्प्लेटची स्वतःची प्रत ठेवतात, आणि वूकॉमर्स मग मूळ फाइल सोडून थीमची प्रत वापरतं. त्या प्रतीत शेवटची ओळ नसेल, किंवा प्रत जुनी होऊन बसली असेल, तर पत्ता गायब. ताईच्या साइटवर हेच निघालं. वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर अगदी खाली टेम्प्लेटचा विभाग असतो, तिथे थीमनं कोणत्या फाइल बदलल्या आहेत आणि कोणत्या जुन्या झाल्या आहेत ते लिहून येतं. आम्ही साइटचा बॅकअप घेतला, थीममधली ती ईमेलची प्रत बाजूला काढली आणि ऑर्डरच्या पानावरून तोच ईमेल पुन्हा पाठवला. पत्ता आला. रंगीत पट्टी गेली, पण तिचं कोणाला काय!

पण दर वेळी थीमच दोषी असेल असं नाही. कधीकधी दोषी कोणीच नसतं. गिऱ्हाइकानं दुकानातून स्वतः नेण्याचा पर्याय निवडला असेल किंवा वस्तू डाउनलोड करायची असेल, तर पाठवण्याचा पत्ता ईमेलमध्ये येतच नाही. बिलाच्या पत्त्यावरच पाठवायचं अशी सेटिंग असेल तरी दुसरा पत्ता दिसत नाही. दुकान भारतातलं आणि गिऱ्हाईकही भारतातलं असेल तर देशाचं नाव छापलं जात नाही. हे सगळं मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, त्यामागे रात्र घालवू नका.

आणखी एक फसवं कारण म्हणजे जीमेल. १०२ केबीपेक्षा मोठा ईमेल जीमेल मध्येच कापतं आणि खाली पूर्ण मेसेज बघण्याची छोटी लिंक देतं. फोनवर ती लिंक पटकन लक्षात येत नाही. गिऱ्हाइकाचा तपशील असतो अगदी तळाशी, त्यामुळे सगळ्यात आधी कापला जातो तोच. ऑर्डरमध्ये पंधरा-वीस वस्तू असतानाच पत्ता गायब होत असेल, तर संशय इथे घ्या.

व्हॉट्सॲप नंबर किंवा जवळची खूण अशी स्वतःची चौकट फॉर्ममध्ये वाढवली असेल, तर तिची गोष्ट वेगळी. ती माहिती ऑर्डरसोबत जास्तीची नोंद म्हणून साठते आणि ईमेलमध्ये दाखवा असं वेगळं सांगितल्याशिवाय दिसत नाही. चौकट वाढवणाऱ्या प्लगिनमध्ये त्यासाठी बहुतेक एक टिक असते. काही वर्षांपूर्वी कोणाकडून कोडचे दोन-चार तुकडे टाकून घेतले असतील तर अजून एक शक्यता: वूकॉमर्सनं ऑर्डर साठवायची जागाच बदलली. २०२३ पासून नव्या दुकानांत ऑर्डर वेगळ्या तक्त्यांमध्ये जातात, आणि जुना कोड जुन्या जागी शोधत बसतो, त्याला रिकामं सापडतं. चेकआउटचं पानही नव्या ब्लॉक पद्धतीचं झालं, तिथे जुन्या पद्धतीनं वाढवलेल्या चौकटी दिसतच नाहीत. असं असेल तर ज्यानं कोड लिहिला त्याला या दोन गोष्टी सांगा, चांगल्या डेव्हलपरला तेवढं पुरतं.

आता वेलणकर परत येतात. पत्ता अर्धवट असलेली ऑर्डर हातात आहे आणि गिऱ्हाईक फोन उचलत नाही, तेव्हा पिन बघा. गावाच्या चौकटीत कोणी वर्धा लिहिलंय आणि पिन ४४२४०१ आहे, तर पार्सल बंद करायच्या आधी थांबा. दोन्हींतलं एक चूक आहे. वूकॉमर्स पिनचा फक्त साचा तपासतं, म्हणजे आकडे सहा आहेत ना आणि पहिला शून्य नाही ना एवढंच. वर्ध्याच्या ऑर्डरवर चंद्रपूरचा पिन त्याला चालतो. वेलणकरांच्या योजनेची खरी ताकद मला इथे वाटते. गावाचं नाव आणि पिन दोघं एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात, म्हणून एक हरवलं तर दुसरं कामाला येतं आणि दोन्ही जुळत नसतील तर चूक लगेच उघडी पडते. कॉम्प्युटरवाले माहिती साठवताना आणि पाठवताना हीच युक्ती वापरतात. म्हणून पिनची चौकट फॉर्ममधून कधीच काढू नका, फॉर्म छोटा करायचा कितीही मोह झाला तरी.

कवी वेलणकर

पिन आला तेव्हा वेलणकरांच्या निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. तेवढ्यात त्यांनी आणखी एक मोठं काम अंगावर घेतलं: १९७३ मध्ये दिल्लीत भरलेलं इंडिपेक्स हे टपाल तिकिटांचं जागतिक प्रदर्शन. त्याचे ते अध्यक्ष होते आणि १२० देश त्यात आले होते. ३१ डिसेंबर १९७३ ला ते निवृत्त झाले.

नंतरचा माणूस मात्र पूर्ण संस्कृतचा. तसा तो आधीपासून होताच. त्यांनी संस्कृतात पुस्तकं आणि नाटकं मिळून १०५ लिहिली. फाइलींच्या ढिगाऱ्यात बसून इतकं लिहिणारा माणूस झोपायचा कधी, हा मला पडलेला प्रश्न आहे. मुंबईत त्यांनी देववाणी मंदिरम् नावाची संस्था काढली आणि संस्कृत लोकांच्या कानावर पडावं म्हणून पुढे आयुष्यभर धडपड केली. ज्या भाषेचे वाचक दरवर्षी कमी होताना दिसतात, तिच्यासाठी असं राबणं सोपं नसतं. टाळ्या फार मिळत नाहीत.

त्यांच्या लिखाणातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे विलोमकाव्य. डावीकडून वाचलं तर रामाची स्तुती, तीच अक्षरं उलटीकडून वाचली तर कृष्णाची. हा प्रकार जुना आहे, सोळाव्या शतकात दैवज्ञ सूर्यकवीनं असं राम-कृष्णांचं काव्य केलं होतं. पण करून बघा एकदा, मराठीत एक ओळ तरी जमते का! प्रत्येक अक्षर कोणत्या जागी बसतंय यावर अर्थ ठरतो, एक हललं की दोन्ही बाजू कोसळतात. मला यात पिनच दिसतो. ४४०००१ मधले आकडे तेच ठेवून जागा बदला, पार्सल कुठल्या कुठे जाईल. हा माझा अंदाज आहे, पण जागेला अर्थ असतो हे ज्याला कवितेतून कळलं, त्याच्याच हातून अशी योजना झाली याचं मला नवल वाटत नाही.

१९९६ मध्ये त्यांना संस्कृतसाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पिनसाठी नाही, संस्कृतसाठी. १९९९ मध्ये ते मुंबईत गेले. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बघायची गोष्ट होती. फ्लिपकार्ट सुरू झालं २००७ साली.

पिनची संख्या आज सुमारे १९ हजार आहे आणि पोस्ट ऑफिसं दीड लाखांवर. म्हणजे एका पिनखाली कित्येक गावं येतात, आणि तिथून पुढे निळं गेट आणि लिंबाचं झाडच. ही शेवटची उणीव भरायला २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत बनवलेला हा दहा अक्षर-आकड्यांचा कोड साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद एवढ्या चौकोनाला मिळतो. म्हणजे तुमच्या घराचा वेगळा, शेजाऱ्याचा वेगळा. तो जागेच्या अक्षांश-रेखांशावरून निघतो आणि डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की चौकोन लहान लहान होत जातो, वेलणकरांच्या आकड्यांसारखाच. पिनकोड मात्र गेलेला नाही, तो आहे तसाच चालू आहे.

ताईला मी चेकआउटमध्ये डिजिपिनसाठी एक ऐच्छिक चौकट वाढवून दिली आहे. ईमेलमध्ये दाखवायची टिक केली आहे आणि एक खोटी ऑर्डर टाकून ती चौकट ईमेलमध्ये दिसते हे बघूनही झालंय. अजून तरी एकाही गिऱ्हाइकानं ती भरलेली नाही.